सदरेवरचा आरसा

आरशाच्या कारखान्यात काम करणारा माणूस आरशात बघत नाही. आम्ही काठाकडे बघायचो. टवका कुठे गेलाय, कोपरा धरलेला हात ओला तर नाही, पुढचा माणूस मधेच थांबला तर नाही, नजर तिथे. मिस्त्रींचा नियमच होता, तोंड बघितलंस की बोट गेलं. अंधेरी पूर्वेला, मरोळकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या गल्लीत तो पत्र्याचा कारखाना होता. सलूनचे, साड्यांच्या दुकानांचे, स्टुडिओतल्या मेकअप रूमचे आरसे तिथे बनायचे. जुन्या आरशाचा पारा उडाला की पाठ खरवडून नव्याने चढवूनही मिळायचा. मी काचा धुवायचो, उचलायचो, आणि कारखान्याच्याच माळ्यावर झोपायचो.

माळा मला शेठने दिला होता. नववीत शाळा सुटली तेव्हा मी यवतमाळकडच्या आमच्या गावाहून निघालो आणि दिंडोशीला मावशीच्या झोपडीत येऊन पडलो. तिथे आधीच इतकी माणसं होती की कूस बदलायची तर शेजाऱ्याला विचारून बदलावी लागे. शेठने एकदा सहज विचारलं, "राहतोस कुठे?" मी सांगितलं. तो म्हणाला, "वर झोपत जा. राखणही होईल." त्याच्या दृष्टीने संपलं. माझ्या दृष्टीने मात्र तिथून सुरू झालं. कुणी उपकार केला की मला आनंद व्हायचा तो एक दिवस, आणि मग रोजची धाकधूक, की ह्या माणसाला आपण पुरे पडू ना. अजूनही तसंच आहे. स्वभावाला औषध नाही.

गढीचा आरसा आला तो पावसाळ्याच्या आधी. कसारा घाटाच्या वर, मुख्य रस्ता सोडून बऱ्याच आत एक गढी होती. कुणा सरकारी खात्याची नव्हे, एका घराण्याची, आणि ते घराणं अजून तिथेच राहत होतं. मिस्त्री टेम्पो घेऊन गेले आणि त्यांच्या सदरेवरचा आरसा उतरवून घेऊन आले. बेल्जियमची काच, माणसाहून उंच, सागवानी चौकट, आणि मधोमध पारा उडून काळे डाग पडलेले. असे डाग मी आमच्या म्हाताऱ्या बैलाच्या डोळ्यात पाहिले होते. दुरुस्तीला वेळ लागला. काच जुनी, तिला घाई चालत नव्हती. पाठीवर नवा लेप चढला, चौकटीला पॉलिश झालं, आणि दिवाळीनंतर आरसा परत पोचवायचा ठरला.

शेठने मिस्त्रींना आणि मला समोर उभं केलं. "तिकडे लावायचा, त्यांनी बरोबर म्हटलं की यायचं. हा आरसा परत माझ्या दारात दिसला तर दोघांनी दुसरं काम बघा."

मिस्त्री मालवणकडचे. जोगेश्वरीला त्यांची स्वतःची खोली होती आणि कुठलाही काचवाला त्यांना दुसऱ्या दिवशी ठेवून घेईल असा हात होता. ते हसले. माझं काम आणि माझं घर एकाच छपराखाली होतं. मला हसू आलं नाही.

आणखी एक गोष्ट होती, ती मी कुणाला बोललो नव्हतो. आमच्या गावातही गढी आहे. पांढऱ्या मातीची, बुरूज ढासळलेले, तरी उंच. आमची बौद्ध वस्ती तिच्या मागच्या अंगाला. वस्तीतल्या माणसांनी गढीच्या दारापलीकडे जायची रीत नव्हती. माझ्या बापाला काही काम असलं की तो दारात उभा राहायचा, एकदा आवाज द्यायचा आणि थांबायचा. दुसऱ्यांदा आवाज द्यायचा नाही. आतून कुणी येईपर्यंत उभा. लहानपणी मी त्याच्या शेजारी उभा राहिलोय. आत कुणी ऐकलं की नाही ते कळायला मार्ग नसायचा. मला ते ओरडण्यापेक्षा, शिवीपेक्षा जड वाटायचं. मुंबईत आल्यावर ह्यातून सुटलो असं वाटलं होतं. आणि आता एका गढीतच जायचं, तेही त्यांच्या सदरेवर.

टेम्पोत पेंढा, त्यावर गोधड्या, त्यात आरसा उभा. मी मागे त्याच्याशेजारी बसलो, पाठीने चौकट सावरत. घाटात प्रत्येक वळणाला मी श्वास धरायचो. पुढून मिस्त्री ओरडायचे, "काय रे, जिवंत आसस ना?" मी म्हणायचो, "आरसा ठीक आहे." ते म्हणायचे, "मेल्या, मी तुका इचारतंय."

गढी दिसली ती एकदम. दोन टेकड्यांच्या मधे गाव, गावाच्या डोक्यावर ती. खालून दगडी, वर विटा, कोपऱ्यांना बुरूज, एका बुरुजावर पिंपळ. गावकरी सांगतात, मोगलाईच्याही आधीची आहे. दारापुढे चांगलाच चढ. ड्रायव्हरने टेम्पो तिरपा लावला, हँडब्रेक ओढला आणि मागच्या चाकाला लाकडाचा ठोकळा लावला. हँडब्रेकवर त्याचा विश्वास नव्हता. "ब्रेक सासऱ्यासारखा आहे," तो म्हणाला, "धरला तर धरला."

मोठा दरवाजा बंद होता. रोजची ये-जा त्यातल्या दिंडीने, म्हणजे दरवाजाच्याच पोटातल्या वाकून जायच्या लहान दाराने. पण आरसा दिंडीतून जाणार नव्हता. आतून दोन गडी आले, अडसर काढला आणि तो मोठा दरवाजा करकरत उघडला. सणावाराला आणि लग्नालाच उघडतो, असं एक गडी म्हणाला. उघडला तो आरशासाठी. पण आरशाचं एक टोक माझ्या हातात होतं, म्हणून मीही त्याच दारातून आत गेलो. काठाकडे बघत. बाकी काही बघायची हिंमत नव्हती.

आत मोठं अंगण, आणि समोर चार पायऱ्या चढून सदर, बाहेरच्या माणसांच्या बैठकीची जागा. मागच्या भिंतीला गादी, लोड, आणि वर आरशाची रिकामी जागा, चुना तिथे जास्त पांढरा. गढीचे मालक गादीवर बसले होते. पन्नाशीचे असावेत, अंगात साधा सदरा, पायांवर शाल. आम्हाला बघून उठले, तेच मला चमत्कारिक वाटलं.

"या या. घाटात त्रास नाही ना झाला?" मग माझ्याकडे बघून, "हा पोरगा नवीन दिसतो. गाव कुठलं रे तुझं?"

ह्याच प्रश्नासाठी मी घाटभर उत्तर शोधत आलो होतो. गाव सांगितलं की तालुका येतो, तालुक्यामागून आडनाव येतं, आडनाव आलं की पुढचं कुणी विचारत नाही, कारण विचारायची गरज राहत नाही. माझं तोंड उघडायच्या आधी मिस्त्री बोलले.

"अंधेरीचा आहे साहेब तो. आमच्या कारखान्यातला. शिडी मिळेल का जरा?"

मिस्त्रींना माझं गाव, आडनाव ठाऊक होतं. त्यांनी मला कधी काही विचारलं नाही आणि त्या दिवसाबद्दलही पुढे कधी बोलले नाहीत. त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले. आभार मानले असते तर त्यांनी शिवीच घातली असती.

आरसा आम्ही मन लावून लावला. भिंतीत खाली दोन जुन्या लाकडी खुंट्या होत्या, त्यांच्यावर चौकट टेकवली, वर नवे हूक मारले. मिस्त्रींनी आडव्या काठावर पाणसळ ठेवली, बुडबुडा मधोमध. बाजूने ओळंबा सोडला, दोरी चौकटीला समांतर, केसाचाही फरक नाही. भिंत जुनी आणि पोटातून फुगलेली, तरी आरसा सरळ. मिस्त्री खाली उतरून लांबून बघत राहिले. "आधी कसो लावलेलो, ठाऊक आसा? वरून पुढे वाकलेलो. मागे लाकडाचे दोन तुकडे सारलेले, उंदरान कुरतडलेले. काढले नि फेकून दिले. कोण सुतार होतो देव जाणे."

मालकही खूश. "झकास झालं," ते म्हणाले. तो शब्द त्यांच्या तोंडी ऐकून मला थोडं हलकं वाटलं. मी सामान भरायला घेतलं. दिवस उन्हाकडून सावलीकडे झुकत होता, मला लवकर निघायचं होतं. जितका वेळ थांबू तितके प्रश्न.

तेवढ्यात सदरेच्या उजव्या अंगाच्या दारातून एक कामवाली मावशी बाहेर आली. त्या दाराच्या आत माजघर, बायकांची जागा.

"वहिनीसाहेब म्हणत्यात, आरसा बरोबर नाही."

मिस्त्रींनी भुवया उंचावल्या. "कुठे बरोबर नाही?"

मावशी आत गेली, परत आली. "म्हणत्यात, सगळाच."

"काच? पारा? डाग दिसतो का?"

पुन्हा आत, पुन्हा बाहेर. "काच चांगलीय म्हणत्यात. आरसा बरोबर नाही."

मिस्त्री शिडीवर चढले, पाणसळ ठेवली, मालकांना दाखवली. मालकांनी बघितलं, मान डोलावली आणि दाराकडे वळून जरा मोठ्याने म्हणाले, "अहो, अगदी सरळ आहे. मी स्वतः बघितलं."

आतून प्रथमच सरळ आवाज आला. बाईचा, स्वच्छ, न चढवलेला. "सरळ आहे, म्हणूनच बरोबर नाही."

मला शेठचं दार दिसत होतं, त्या दारात हा आरसा आणि आरशाशेजारी माझी पेटी. मी मिस्त्रींकडे बघितलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता. तीस-तीस वर्षं ज्याचा बुडबुडा मधोमध बसलाय, त्याला सरळपणाची चूक दाखवली तर तो काय करणार. ते पुटपुटले, "आता बायको मिस्त्री झाली."

"ऐकू येतंय हो," आतून आवाज आला. "मिस्त्री नाही. पण पाहुणे मलाच जेवू घालायचे असतात."

मग ते हळूहळू उलगडलं. त्या घरात बायका सदरेवर येत नसत. वहिनीसाहेब माजघरात, दाराच्या आत एका ठरलेल्या पाटावर बसून भाजी निवडायच्या. तिथून सदर दिसत नाही, अंगण दिसत नाही. पण सदरेवरचा आरसा दिसतो. तो वरून पुढे वाकलेला असायचा, म्हणून त्यात सदरेवरची पंगत दिसायची, अंगण दिसायचं आणि अंगणापलीकडे थेट मोठा दरवाजा. कोण आलं, किती आले, ओझं घेऊन आले की रिकामे, रागात की दमलेले, सगळं त्या पाटावरून कळायचं. पाहुणा पायऱ्या चढेपर्यंत आत तांदूळ धुवून झालेले असायचे. लग्न होऊन आल्यावर सासूबाईंनी पहिल्यांदा तो पाट दाखवला होता, चूल त्याच्यानंतर.

मालक हे ऐकताना मान वळवून आरशाकडे बघत होते. त्यांची गादी आरशाखाली. ते आणि त्यांचे वडील आयुष्यभर त्या आरशाकडे पाठ करून बसले. "मला वाटायचं शोभेचा आहे," ते म्हणाले.

"आणि पानं काय अंदाजाने पडत होती?" आतून विचारणा झाली. "आरसा मुंबईला गेल्यापासून बघताय ना, एक तर अन्न उरतंय नाही तर पाहुणा ताटावर थांबतोय. आता त्यात मला फक्त तुमच्या तुळया दिसताहेत."

मालक हसायला लागले, तेव्हा कुठे मिस्त्रीही हसले. "फेकलेले तुकडे," ते मला हळूच म्हणाले, "उंदरान नाय कुरतडलेले. घासून घासून मापाक बसवलेले." मग मोठ्याने, "पण वहिनीसाहेब, किती वाकवायचा ते आम्हाला इथून कळणार नाही."

आतून आवाज आला, "त्या मुलाला आत पाठवा. माझ्या जागी बसून तो बघेल आणि सांगेल."

मी मिस्त्रींकडे बघितलं, मालकांकडे बघितलं. मालक म्हणाले, "जा की." त्यांना त्यात काही वाटत नव्हतं. काय वाटायला हवं ते त्यांना ठाऊक नव्हतं, कारण त्यांच्या लेखी मी अंधेरीचा होतो. आधी ठोकळे हवे होते. नवं लाकूड शोधत बसायला वेळ नव्हता. मिस्त्री बाहेर गेले आणि टेम्पोच्या चाकाखालचा ठोकळा घेऊन आले, करवतीने त्याचे दोन केले. ड्रायव्हर बाहेरून शिव्या देत होता. ठोकळ्याच्या जागी त्याने दगड लावला आणि दगडावरही विश्वास नसल्यामुळे टेम्पोला खांदा लावून उभा राहिला.

मी चपला पायऱ्यांपाशीच काढल्या होत्या, तरी दाराशी पुन्हा पाय झटकले. उंबऱ्यावर थांबलो. आवाज द्यावा की काय असं वाटलं.

"ये ना. थांबलास का?"

माजघरात अंधार, थंडावा, धुराचा आणि लसणीचा वास. वहिनीसाहेब पलीकडच्या दाराआड सरकल्या होत्या, मला लुगड्याचा काठ आणि बांगड्यांचा हात तेवढा दिसला. पाट मधे रिकामा होता. बसून बसून गुळगुळीत झालेला, मधे जरासा खोलगट. त्याच्याशेजारी अर्धी निवडलेली मेथी.

"बस. मी बसते तसा, मांडी घालून. मान ताठ नको, खालूनच बघ."

मी बसलो. पाटाच्या काठाकाठाने, अर्धाच टेकलो.

"नीट बस रे. तसं बसून दिसायचं नाही."

मी नीट बसलो. आणि कामाला लागल्यापासून पहिल्यांदा एखाद्या आरशात बघितलं. तुळया दिसत होत्या, म्हणाल्या तशाच. "मिस्त्री, अजून पुढे," मी ओरडलो. तिकडून "हां" आला. तुळया वर सरकल्या, खांब आले. "अजून." पायऱ्या आल्या. "अजून थोडं." अंगण वर चढत आलं, तुळशीवृंदावन, मग पलीकडची भिंत.

"गाव कुठलं तुझं?" दाराआडून विचारलं. "अंधेरीचं मी ऐकलं. त्याच्या आधीचं."

आरशाकडे बघत असल्यामुळे असेल, मी खरं बोललो. गाव सांगितलं, तालुकाही सांगितला. "आमच्या गावातही गढी आहे जी."

"मग आत गेला असशील."

"नाही जी. दारापर्यंत."

बांगड्या थोडा वेळ वाजल्या नाहीत. त्यांना कळलं असेल. मला वाटतं कळलंच. त्या घरातल्या बाईला दारापर्यंत येणारी माणसं कोण ते कळणार नाही तर कुणाला. मी उठायच्या तयारीत होतो. मग त्या म्हणाल्या, "दारात उभं राहिलेलं माणूस दिसायला लागलं का, ते सांग."

मी बघितलं. "मिस्त्री, एक बोट अजून."

आणि दार आलं. उघडा मोठा दरवाजा, त्यात उजेड, आणि उजेडात आमचा ड्रायव्हर. टेम्पोला खांदा लावलेला, एका हाताने मान खाजवत, आत बघत. आपल्याला कुणी बघतंय हे त्याला माहीत नव्हतं. वैतागलेला, भुकेला, पण हाक मारावी की नाही ह्या विचारात. त्याच्या तोंडावरचं सगळं दिसत होतं. एवढ्या लांबून.

मला बाप आठवला. आठवला म्हणजे तिथेच दिसला, टोपी हातात, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकणारा. आमच्या गढीत असा आरसा होता की नाही मला माहीत नाही, आता कळायचीही सोय नाही. पण असा पाट कुठेतरी असेल, आणि त्या पाटावरून कुणी त्याला पहिल्या हाकेच्याही आधी बघितलं असेल, हे तोवर माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. बघूनही तसंच उभं ठेवलं असेल, की बघितलं म्हणून आतून कुणाला पाठवलं असेल. दोन्ही बाजूंनी विचार केला तरी चैन पडेना. आजही पडत नाही.

"दिसतं का?"

"दिसतं जी. चेहरासुद्धा."

"मग ऊठ आता. मला बघू दे."

मी सदरेवर आलो. मिस्त्री शिडीवर ठोकळे धरून घामाघूम झाले होते. आम्ही वाट बघत उभे राहिलो. आतून 'बरोबर' येईना. मिस्त्री डोळ्यांनी विचारत होते, मी खांदे उडवत होतो. मला वाटलं, माझ्या उंचीत आणि त्यांच्या उंचीत फरक, मीच चुकवलं. मग मला वाटलं, आरशाचं काही नाही, मी गाव सांगितलं तेच चुकलं.

मावशी बाहेर आली. "वहिनीसाहेब म्हणत्यात, दारात तो माणूस का उभाय? त्याला आत बोलवा. टेम्पो कुठं जात नाही म्हणावं. आणि तिघं जेवायला बसा."

ड्रायव्हर आला तो आधी मिस्त्रींवर डाफरला, "वाट लावलीत माझ्या ठोकळ्याची," मग पान बघून गप्प झाला. आम्ही सदरेवर ओळीने बसलो. मिस्त्री, ड्रायव्हर, कडेला मी. तिघांची ताटं सारखीच होती. मला ते बघायचं नव्हतं, पण नजर गेली. बाजरीची भाकरी, मेथी, आमटी, कांदा. मालक समोर गादीवर बसून ड्रायव्हरला घाटातल्या वळणांबद्दल विचारत होते, पुन्हा आरशाकडे पाठ करून.

मी मात्र पाठ ताठ करून बसलो होतो. आता मला ठाऊक होतं की तो पाट रिकामा नाही. घास लहान घेत होतो. मागून काही घेत नव्हतो. मिस्त्री कोपराने ढोसून म्हणाले, "नीट जेव रे. कोण बघता तुका हय?"

तेवढ्यात मावशी आमटीचं भांडं घेऊन आली ती मिस्त्रींना आणि ड्रायव्हरला ओलांडून थेट माझ्यापाशी येऊन वाकली.

"वहिनीसाहेब म्हणत्यात, आरसा बरोबर आहे," ती म्हणाली. "आणि कडेच्या पोराच्या ताटातली आमटी संपलीय."